हवेत आवळू नकोस

खड्ड्यात नाही, गतिरोधकावरून उतरताना
डावीकडून एक ठोका यायचा, टक्.
मला ऐकू यायचा. आप्पांना नाही.
सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं काढून
ते रिटायर झाले, कान तिथेच राहिले.
पण त्रिमूर्ती चौकात त्यांनी चप्पल काढली,
अनवाणी तळवा गाडीच्या पत्र्यावर टेकवला
आणि म्हणाले, "आर्म गेलाय. बॉल जॉइंट.
दुसराही जाईल. जोडीनं बदल."

सत्त्याण्णवची झेन.
तिच्या वयाच्या पोरींची लग्नं होऊन गेली.
द्वारकेच्या दुकानदारानं स्टुलावर चढून
वरच्या फळीवरून दोन काळे आर्म काढले, फुंकर मारली.
"मेकॅनिक कोण?"
"मी."
त्यानं बिलावर आप्पांचं नाव लिहिलं.

रविवार. जानेवारीतली सिडको.
पाना इतका गार की तोच बोटं धरून ठेवतोय असं वाटावं.
मागच्या चाकांना विटा, पुढे जॅक.
जॅकवर भरवसा नाही म्हणून सागाचे ठोकळे,
ठोकळ्यांवर भरवसा नाही म्हणून
काढलेली चाकं गाडीच्या उंबऱ्याखाली आडवी.
माणसांबद्दल आप्पा इतके संशयी कधीच नव्हते.

क्लॅम्पचा बोल्ट रात्रभर डिझेल पीत होता
तरी सकाळी ओळख दाखवेना.
पान्याला नळाचा पाईप चढवला,
पाय बंपरला लावला,
गॅलरीतून गांगुर्डे वहिनी म्हणाल्या,
"अगं शुभदा, अंबडला गॅरेजं मेली का सगळी?"
आप्पा स्टुलावर. हातात कप,
कपाखाली बशी वाजते आहे, त्यांच्याशिवाय सगळ्यांना.
"आधी आवळ!" ते ओरडले, बहिऱ्या माणसाच्या मापानं,
गल्ली क्रमांक चारपर्यंत.
"थोडा आवळ, मग सोड!"
आवळला.
सोडला.
करकरत, शिव्या देत, पण आला.

जुना आर्म मांडीवर घेऊन पाहिला.
रबराची टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी वाळू,
गंगेवरची की शिंद्याच्या टोलनाक्याची, कोण सांगणार.
बॉल एका बोटानं फिरत होता,
कुणीही काहीही म्हणावं आणि मान डोलवावी तसा.

नवा बसायला दोन तास.
स्टॅबिलायझरचा रॉड भोकासमोर येतो, हसतो, सरकतो.
अंगठ्याची साल गेली.
मग सगळे बोल्ट आत गेले आणि मी,
आता कसा सुटतोस बघते म्हणत,
सतरा नंबरवर सगळं अंग टाकणार
तेवढ्यात स्टूल मागे पडल्याचा आवाज.
"हवेत आवळू नकोस!"

चाक लोंबकळत असताना बुश आवळला
तर रबर तेच खरं धरून बसतं.
गाडी खाली उतरली की त्याला पीळ पडतो,
सहा महिन्यांत फाटतं.
हे त्यांनी मला हातवारे करून सांगितलं,
मनगट पिळून, आपलंच.
"आधी तिला तिचं वजन घेऊ दे. मग आवळ."

गाडी उतरवली.
आप्पांनी बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून
तिला दोनदा दाबलं. ती खाली गेली, वर आली, बसली.
त्यांचे हात थरथरत होते की अजून तीच हलत होती,
मला गोणपाटावरून दिसलं नाही.
मी कुशीवर सरकत आत गेले,
पाना फिरायला जेमतेम चार बोटं जागा,
चार बोटं, चार बोटं, करत आवळत राहिले.

संध्याकाळी पाथर्डी फाट्यापर्यंत नेली.
डावीकडे ओढते. अलाइनमेंटवाला उद्या उघडेल.
त्रिमूर्ती चौक आला. आप्पांनी चप्पल काढली.
गतिरोधक गेला.
"वाजत नाही आता," मी म्हणाले.
"काय?"
"वाजत नाही!"
"आं?"
"आप्पा, वाजत नाहीये!"
शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.
आप्पा समोर बघत होते,
तळवा अजून पत्र्यावरच.
"मला काय सांगतेस," म्हणाले.